एका कोयत्याचं औषध

१९ जून २०२३

नवी वही आणि पहिल्याच पानावर हे असलं अक्षर. दिवसभर फॉर्म भरून बोटं गेलीत, इलाज नाही.

कोल्हारला आईला अजून वाटतं की मी नगरच्या हॉस्पिटलात 'कॉम्प्युटरवर' असते. शेजारणींना तेच सांगते. खरं काम असं, की काविळीच्या बी विषाणूचा जुनाट आजार असलेले पेशंट गोळा करायचे आणि गोळ्या सुरू करायच्या आधीच सांगायचं की हा माणूस औषधाला दाद देणार की नाही. भापकर सरांनी त्याचं गणित बसवलंय. वय, लिव्हरच्या तपासण्या, रक्तात विषाणू किती, लिव्हर किती कडक झालंय, हे सगळं भरलं की शंभरातला एक आकडा येतो. आम्ही त्याला स्कोअर म्हणतो. दीड वर्ष गोळ्या खाऊन पेशंटच्या रक्तात विषाणू सापडला नाही, की स्कोअर खरा. सरांची बारा वर्षं ह्यात गेलीत. माझा महिनाही झालेला नाही, पण मला आत्ताच त्या आकड्याचा अभिमान वाटायला लागलाय.

आज पाथर्डीकडचा एक जण नोंदवला, कानिफनाथ. गावात रक्तदान शिबिर होतं, ह्याने हौसेने रक्त दिलं आणि काही दिवसांनी फोन आला की तुझ्या रक्तात बी आहे. व्यवसाय विचारला तर म्हणाला, "कोयता."

बायको शेजारी होती, जया. ती हसली. "असं न्हाई लिहीत वो. मॅडम, ऊसतोड लिवा."

मला काय शिकवते! आमच्या कोल्हारात दिवाळी झाली की ऊस तोडायला हीच माणसं यायची. बाबा मुकादमाला विचारायचे, यंदा कोयते किती? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत टाकते. मुकादमाकडे नाव गड्याचं लागतं, हंगामाआधीची उचल त्याच्या नावावर, काम दोघांचं. मी त्यांना हे सगळं म्हणून दाखवलं तर दोघं खूश झाली. जया म्हणाली, "म्हंजी तुमी आमच्याच की."

कानिफनाथचं लिव्हर मात्र वाईट आहे. चौतिशीतला धट्टाकट्टा माणूस आणि आत असं कडक. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, गोळी लागू पडली तर हा म्हातारा होईल, नाही पडली तर पाच-सात वर्षांत आटोपलं. मग स्कोअर काढला. त्र्याण्णव! सरांनी टेबलावर थाप मारली. "हा आपला हुकमी एक्का, मोनिका."

२६ जून २०२३

घरातल्यांचे रिपोर्ट आले. मुलगी निकिता, चौथीत आहे, तिला काही नाही, लस सुरू केली. जयाच्या रक्तात मात्र बी निघाला. पण तिचं लिव्हर ठणठणीत, विषाणूही अगदी थोडा. अशांना औषध देत नाहीत, दर सहा महिन्यांनी तपासत राहतात. सरांनी तिला हे नीट समजावलं. नीट म्हणजे सरांच्या मानाने नीट. बाहेर पंचवीस माणसं खोळंबली होती.

जयाने विचारलं, "मला येगळी बाटली न्हाई का मंग?"

"तुम्हाला वेगळी बाटली लागत नाही," सर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिने मान डोलावली. कानिफनाथला बाटली मी दिली, रोज जेवण झाल्यावर एक गोळी, एकही दिवस चुकवायचा नाही. त्याने बाटली तिच्याकडे दिली आणि तिने ती पदरात गाठ मारून ठेवली. बायकोच्या ताब्यात औषध असलं की ते वेळेवर पोटात जातं, हे मी एका महिन्यात शिकलेय.

९ ऑक्टोबर २०२३

कानिफनाथ आणि जया आले होते. दसरा झाला की टोळी निघणार, कोल्हापूरकडच्या कारखान्यावर. निकिता आजीजवळ राहणार.

बाटली परत तपासायची असते म्हणून मागितली. जयाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात रिकाम्या बाटल्या आणि दाढीच्या ब्लेडचा एक तुकडा, कागदात गुंडाळलेला. मी ओरडलेच. हे कशाला?

"गोळी मोठी हाय, तोडून घेतो," कानिफनाथ म्हणाला.

घशात अडकते म्हणे. ह्या माणसाला ऊस सोलताना हात चिरला तर काही वाटत नाही आणि एवढीशी गोळी घशात अडकते. पण पुरुषांचं असंच असतं, आमच्या बाबांनाही पाण्याच्या तांब्याशिवाय क्रोसिन उतरत नाही. तोडून घेतली तरी चालते, पोटात पूर्ण गेल्याशी मतलब. पण ते गंजकं ब्लेड! खाली मेडिकलमधून गोळी कापायची प्लास्टिकची डबी आणून दिली. झाकण दाबलं की मधोमध दोन तुकडे, कण इकडेतिकडे जात नाही. जयाने चार वेळा झाकण उघडून मिटून पाहिलं. "कसं बराबर निम्मं करतंय," म्हणाली. इतकी खूश झाली की मलाच लाज वाटली, चाळीस-पन्नास रुपयांची ती वस्तू.

गोळ्या अगदी चोख मोजून संपल्यात. सगळ्या अभ्यासात एवढा शिस्तीचा पेशंट दुसरा नाही.

२४ जानेवारी २०२४

डोकं फिरलंय. कानिफनाथचा रिपोर्ट आला. विषाणू थोडा उतरला आणि तिथेच बसला. ह्यापेक्षा बेचाळीस स्कोअरचे म्हातारे पुढे गेलेत.

गेल्या आठवड्यात दोघं नमुना द्यायला आली होती. रात्रभर एसटीने आली, संध्याकाळी परत जायचं होतं, मुकादम एका दिवसापलीकडे सुट्टी देत नाही. दोघांच्या अंगाला पाचटाचा वास. जया म्हणाली, "मॅडम, माझं बी रगत बघा की एकदा. सहा म्हयने झाले." तिचं खरं होतं. पण आमच्याकडचे किट अभ्यासातल्या पेशंटपुरते मोजून येतात, जया अभ्यासात नाही. मी सांगितलं, खाली ओपीडीची खिडकी आहे, केसपेपर काढा. रांग जिन्यापर्यंत आली होती. तिने रांग बघितली, स्टॅंडवरची गाडी आठवली, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पुढल्या टायमाला."

आज सरांनी विचारलं, पितो का? मी कानिफनाथला फोन लावला. फडात होता, मागे कोयत्यांचे आवाज. सरळ विचारलं, दारू किती?

"मॅडम, माळकरी हाय मी."

"मग गोळी चुकवता."

"देवाशपथ न्हाई. जया रोज देती. इचारा तिला."

तिनेही तेच सांगितलं. मी दोघांनाही खोटारडं म्हटलं नाही, पण आवाजात ते होतंच.

१८ एप्रिल २०२४

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, टोळ्या परत आल्या. कानिफनाथच्या पायावर सूज आहे. बोटाने दाबलं की खड्डा राहतो. विषाणू जानेवारीत होता तिथेच, लिव्हर आणखी कडक. औषधाला दाद न देणारा विषाणू असेल म्हणून पुण्याला नमुना पाठवला होता, तोही रिपोर्ट साफ आला. विषाणूत काही दोष नाही. मग दोष कुठे आहे?

सर आज पहिल्यांदा माझ्यावर चिडले. एक एक्का असा पडला तर अभ्यास तपासणारे परीक्षक म्हणणार गणितच चुकलं. "त्याला दाद न देणाऱ्यांत टाका," म्हणाले आणि निघून गेले. मला गणिताचं काही वाटलं नाही, खरंच नाही. मला तो खड्डा दिसत होता. गोळी मी हातात देते, मीच सांगितलं होतं की तुम्ही शंभरातल्या त्र्याण्णवांत आहात, आणि माणूस डोळ्यांदेखत खचतोय. घरी येऊन जेवले नाही. रडले.

११ मे २०२४

सापडलं.

हॉस्पिटलच्या जीपने आज मढीच्या पलीकडे त्यांच्या गावी गेले. कळवलं नव्हतं. ऊन असं की जीपच्या दाराला हात लावेना. कानिफनाथची आई गोजरबाई दारात बाजरी पाखडत होती, तिने मला आत नेऊन घोंगडीवर बसवलं आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवण झालं. जयाने फळीवरून स्टीलचा डबा काढला, मी दिलेल्या त्या डबीत गोळी ठेवली, झाकण दाबलं. निम्मी नवऱ्याच्या हातावर ठेवली. निम्मी स्वतःच्या तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

माझ्यासमोर. काहीही न लपवता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहायची इच्छा नाही. चोरी म्हणाले. नवऱ्याच्या तोंडचं औषध खाता, लाज नाही वाटत म्हणाले. त्याच्या पायाची सूज दाखवली, ही तुम्ही आणलीत म्हणाले. गोजरबाई सूप हातात धरून दारात उभी राहिली.

जया म्हणाली, "चोरी न्हाई केली मॅडम. आमचा एक कोयता हाय."

मला आधी कळलंच नाही.

"नाव गड्याचंच असतं वो. उचल त्याच्या नावावर, रेशनचा गहू मिळाला तर त्याच्या नावावर. पर असतं दोघांचं. डागदर म्हनले, तुला येगळी बाटली लागत न्हाई. मला वाटलं ह्याच्यातच माझं बी हाय."

कानिफनाथ खाली बघत होता. "दोघांच्या बी रक्तात निघालं ना मॅडम. मी एकटा कसा खाऊ? आन ती पडली तर मी एकटा काय तोडनार?"

अकरा महिने! दिवसाला अर्धी! आणि कापायची डबी मी आणून दिली. तरी मी काही थांबले नाही. डबी उचलून पर्समध्ये टाकली. जयाला म्हणाले, आजपासून एक कणसुद्धा तुमच्या पोटात जाता कामा नये, तुम्हाला गरजच नाही, निकिताच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. तिने निकिताला जवळ ओढलं आणि हात ठेवला. पोरगी घाबरून माझ्याकडे बघत होती.

"न्हाई खानार," जया म्हणाली.

येताना जीपमध्ये आनंद मावत नव्हता. माणूस वाचला.

१४ मे २०२४

सरांना सांगितलं. खुर्चीतून उठले. गणित चुकलं नव्हतं, डोस चुकला होता! पूर्ण डोसवर विषाणू पुन्हा मोजू म्हणाले, स्कोअर तसाच ठेवू. मला म्हणाले, हे दुसरं कुणाला सुचलं नसतं, तू ऊसवाल्यांच्या गावची म्हणून झालं. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

बाकी ओपीडी नेहमीचीच. पन्नास जणांना तेच एक वाक्य सांगितलं, गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम सोडली तर आजार उसळतो. आता झोपेतही म्हणेन. पूजा लॅबमधून ओरडते, मोनिका, टेप लावून दे दारात.

६ ऑगस्ट २०२४

कानिफनाथचा विषाणू कोसळला! पूजाने आकडा दोनदा तपासला. पायाची सूज गेली, चेहऱ्यावर रंग आला. मी त्याला चहा पाजला.

एकटाच आला होता. जया का नाही आली विचारलं तर म्हणाला, "तिला आळस भरलाय. भाकरी नको म्हनती, निजून ऱ्हाती. मळमळतंय म्हनती."

मी म्हणाले, गोड बातमी असेल. तो लाजला. "न्हाई वो, ऑपरेशन झालंय तिचं." मग आषाढातलं तळण, पावसाळी हवा असं काहीबाही बोललो. त्याला म्हणाले, जयाताईंना सांगा, मी रागावलेय असं समजू नका. त्या दिवशी जास्त बोलले.

"ती बी म्हनती, मॅडमचं बराबर हुतं."

२९ ऑगस्ट २०२४

आज दुपारी कानिफनाथ तिला घेऊन आला. जीपमधून उतरवायला चौघं लागली. हळदीत बुडवून काढावं तसे डोळे. मला ओळखलं नाही. हातातली बांगडी काढायला लागली आणि कुणाशी तरी बोलत होती, मोळी बांध, गाडी निघाली, मोळी बांध.

पंधरवड्यापासून डोळे पिवळे होते म्हणे. गोजरबाईने आधी गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, पाणी पिवळं झालं, मुळीची माळ गळ्यात घातली. ती माळ अजून गळ्यात होती.

तपासण्या आल्या. सर कागद हातात घेऊन जिन्यात थांबले. मला विचारलं, "हिने ती अर्धी गोळी कधी सोडली?"

"मेमध्ये."

"एकदम?"

"एकदम."

"कोणी सांगितलं?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना कळलं. भिंतीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "वर्षभर दबला होता गं तो. अर्ध्या डोसने का होईना, दबला होता. मीही विचारलं नाही. तू सांगितलंस तेव्हा मी फक्त आपला आकडा ऐकला."

पन्नास पन्नास माणसांना रोज सांगते. बंद करायची नाही. एकदम सोडायची नाही. त्याच आठवड्यात सांगत होते. माझ्या डोक्यात जया औषध घेणारी नव्हतीच, नवऱ्याचं औषध खाणारी होती. आणि सोडायला लावून तिचं रक्त एकदाही तपासलं नाही. किट मोजून येतात ना!

३१ ऑगस्ट २०२४

जया पहाटे गेली.

मला सकाळी कामावर आल्यावर कळलं. कानिफनाथ शववाहिकेशेजारी उभा होता, हातात तिची चप्पल. मला बघून म्हणाला, "मॅडम, तुमी लई धावपळ केली."

मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी मान हलवली. फक्त मान हलवली.

१० सप्टेंबर २०२४

दहाव्याला गेले होते. जाऊ नये असं सर म्हणाले होते, तरी गेले. कुणीतरी मला तोंडावर बोलावं असं वाटत होतं. कुणी बोललं नाही. उलट मला बसायला खुर्ची दिली. गोजरबाईने माझे हात धरले आणि म्हणाली, त्या मुळीवाल्याने मारली माझी सून, तुमच्याकडं आधी आनली असती तर वाचली असती.

मी म्हणू शकले असते, तसं नाही आजी. ओठापर्यंत आलं होतं. बायका बसल्या होत्या, निकिता कोपऱ्यात कुणाच्या तरी मांडीवर होती. मी चहा पिऊन निघाले. मला स्वतःची किळस येते.

२८ नोव्हेंबर २०२४

टोळ्या गेल्या. कानिफनाथ गेला नाही. मुकादम म्हणाला होता, मेव्हणीला नाही तर भावजयीला जोडीला घे, नाही तर अर्ध्या कोयत्यात चल. अर्धा कोयता म्हणजे एकटा गडी. तो म्हणाला, मी अर्धा म्हणून फडात उभा राहणार नाही. गावातच विटा उचलतोय. हे त्याने फोनवर सांगितलं, मी गोळीची आठवण करायला फोन केला होता. दर आठवड्याला करते. तो दर वेळी म्हणतो, चालू हाय मॅडम. मला त्याचा आवाज ऐकला की झोप लागते, ऐकला नाही की लागत नाही.

वर्तमानपत्रात रोज अहिल्यानगर छापून येतं, आम्ही अजून नगरच म्हणतो. हे उगाच लिहिलं. हल्ली काहीही लिहिते, मुद्द्याचं सोडून.

१९ डिसेंबर २०२४

कानिफनाथच्या रक्तात विषाणू सापडला नाही.

सरांनी पेढे मागवले नाहीत, एवढं बरं. पण रिपोर्टवर बोट ठेवून हळूच म्हणाले, त्र्याण्णव होता. मग माझ्याकडे बघितलं आणि कागद उलटा ठेवला. फॉर्मवर 'दाद दिली' ह्याच्या चौकटीत खूण मी केली.

कानिफनाथला सांगितलं. तो शर्टाची बटणं लावत होता, थांबला. "म्हंजी गेलं?"

"रक्तातून गेलं. आत लपून असतं. गोळी चालू ठेवायची."

"किती दिस?"

"बहुतेक कायमची."

तो हसला. त्याला हसताना मी खूप दिवसांनी बघितलं, आणि नको झालं. त्याने नवी बाटली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "बास आता. तुमचं काम झालं, माझं बी झालं. कोनासाठी खाऊ?"

"निकिता आहे."

"ती माझ्या आईपाशी हाय. तिला सवय झाली."

मी माझं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मनाने बंद करायची नाही, एकदम सोडली तर उसळतं.

"उसळू द्या. उसळतंय म्हंजी काय ते तरी बघू."

"तुम्ही बघितलंय," मी म्हणाले.

मला थांबता आलं नाही. खरं म्हणजे थांबायचं नव्हतं. हा माणूस बाटली ठेवून दारातून गेला असता तर उन्हाळ्यात ह्यालाही तसंच जीपमधून उतरवलं असतं. म्हणाले, ऑगस्टात बघितलंत. जयाताईंना तेच झालं.

"तिला कसं उसळंल? तिला गरज न्हाई म्हनला ना तुमी."

"सुरू करायची गरज नव्हती. पण अकरा महिने घेतल्यावर एकदम तोडायची नव्हती. आधी तपासायचं, मग ठरवायचं, सोडली तर पुढे दर महिन्याला रक्त बघायचं."

"हे तुमाला मागून कळलं?"

हो म्हणायला किती सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "तेव्हाही माहीत होतं."

"म्हाईत हुतं, मंग पोरीच्या डोक्यावर हात ठिवायला का लावला?"

मी काय सांगणार होते? की मला तुम्ही दिसत होता, ती दिसत नव्हती? की मला वाटलं मी तुम्हाला वाचवतेय? वाचवलंच की. तो समोर बसला होता, पायाला सूज नाही, रक्त साफ. मी रडायला लागले तर म्हणाला, "रडू नका." मायेने नाही, नुसतं सांगितलं.

मग खिडकीकडे बघून म्हणाला, "आमची आई त्या मुळीवाल्याच्या दारात जाऊन बसली हुती. तीन दिस. माती फेकली त्याच्या घरावर. म्हातारा मानूस, पाया पडत हुता तिच्या. गाव सोडून लेकीकडं गेला त्यो."

उठला, दारापर्यंत गेला, परत आला, बाटली उचलली आणि गेला. सही करायची राहिली. मी हाक मारली नाही.

सरांना सांगितलं की मी त्याला सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

२१ जानेवारी २०२५

कानिफनाथची आजची तारीख होती. आला नाही. महिनाभर मी फोन केला नव्हता, हिंमतच झाली नाही. सकाळपासून दारात त्याच्यासारखी कुणाची पांढरी टोपी दिसली की उठत होते. पूजा म्हणाली, येईल गं, एसटीचं काय खरं असतं. दुपारी शेवटची पाथर्डी गाडीही येऊन गेली.

शेवटी लावला. खूप वाजला. उचलला.

मी म्हणाले, "कानिफभाऊ, मोनिका बोलतेय. गोळी..."

"चालू हाय. निकिता देती रोज."

"नेलेली बाटली संपली असेल आता."

"पाथर्डीच्या दवाखान्यात मिळती, तिथून आनली. ऱ्हायलेलं कागदपत्र असंल तर तिकडंच पाठवा." मागे कुणीतरी विटा उतरवत होतं. "मॅडम, गोळी मी सोडनार न्हाई. पर तुमी आता फोन करू नका."

मी बरं म्हणाले.